दारावर कोण आहे

त्या गेमचा शेवट असा आहे. दूरच्या एका चंद्रावरच्या स्टेशनात एकच मेकॅनिक बाई उरलेली असते. सगळी यंत्रं दुरुस्त करून ती खुर्चीत टेकते, आणि बाहेरून दारावर तीनदा टकटक होते. बाहेर हवा नाही, माणूस नाही. ती दाराकडे बघते आणि स्क्रीन काळी होते. बस. महिनाभर डोळे फोडून हाती एवढंच लागतं.

मग जगभरची माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं एका फोरमवर जमून भांडतात. काही म्हणतात, बाई पहिल्याच स्फोटात मेली, पुढचं सगळं मरतानाचं स्वप्न. काही म्हणतात, दाराबाहेर तीच उभी आहे. काही भाबडे म्हणतात, सुटकेचं यान आलं. माझं म्हणणं होतं की दारावर कुणीच नाही, थंडीनं पाइप आकसतात त्याचा तो आवाज आहे. मी आंबीला एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर पार्ट हातात घेऊन खोट शोधायची, तेच घरी आल्यावर चालू. तिसऱ्या भागात एका पाइपाचा अगदी तसाच आवाज येतो, हे पहिल्यांदा मी दाखवून दिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, फोरमवर मला मान होता. घरात नव्हता, ती गोष्ट वेगळी.

याच काळात बायको कुरवंड्याला माहेरी होती. पंचमीला तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. आमच्याकडं लेकी पंचमीला माहेरी जातात, त्यात नवल नाही. पण आदल्या दिवशी आमचा खटका उडाला होता. ताट वाढून तिनं तीनदा हाक मारली आणि मी कानातले हेडफोन काढले नाहीत. "तुमच्यापरास भिंतीशी बोललेलं बरं," एवढंच ती म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं. त्यामुळं ती सणाला गेली की मला सोडून गेली, हे मला उमगेना. आई म्हणाली, गेली तशी येईल, आपण कशाला पडतं घ्यायचं? मला ते सोयीचं होतं.

पंचमी झाली, गणपती झाले, दसरा गेला. आठ-दहा दिवसांनी तिचा फोन यायचा. गॅस संपला का, आत्यांचा, म्हणजे माझ्या आईचा, गुडघा कसा आहे, एवढंच विचारायची. मी 'बरं आहे' म्हणायचो. मग फोन ठेवून प्रत्येक शब्द तपासायचो. गुडघ्याची चौकशी करते, म्हणजे येणार. श्रावणातच शाल घेऊन गेली, म्हणजे नाही येणार. लग्नातला शालू कपाटातच आहे, म्हणजे येणार. फोनवरचा आमचा दोघांचा फोटो काढून तिनं जास्वंदीचा लावला, म्हणजे संपलं. संसार राहिला की मोडला, याचे माझ्याकडं दोन्ही बाजूंनी भक्कम पुरावे होते. तिलाच विचारावं, हे तेवढं सुचलं नाही.

वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. शिफ्टला जायचो, परंदवडीला घरी परत यायचो, जेवायचो, कॉम्प्युटरपुढं बसायचो. दिवाळीला आईनं केलेल्या करंज्या खाल्ल्या. त्या गोड होत्या, हे मला लक्षात आहे.

उन्हाळा लागल्यावर एकदा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाजी वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, सूनबाई आली का माहेराहून? मी म्हटलं, अजून नाही.

"न्यायला कोण गेलतं?"

"कुणी नाही."

मावशींनी भाजी ताटात घातली. "मग ती येनार कशी, बाबा?" म्हणाल्या आणि पुढच्याला वाढायला लागल्या.

पंचमीला भाऊ नेतो आणि सणानंतर सासरचं माणूस आणायला जातं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लेक एकटी परत आली तर भावकी नावं ठेवते. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते पुराव्यात धरलंच नव्हतं.

गुरुवारी आमची सुट्टी. मोटरसायकल काढली, वाटेत केळी घेतली आणि लोणावळ्यातून वर कुरवंड्याला गेलो. सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या दिला. मी म्हटलं, न्यायला आलोय. त्यांनी केळी तेवढी आत नेऊन ठेवली. मग ती बाहेर आली. खालच्या रिसॉर्टवर ती कामाला लागली होती. अंगात तिथला निळा शर्ट होता, केस घट्ट बांधलेले.

"पंचमी झाल्यापास्नं पिशवी भरून ठेवली व्हती मी," ती म्हणाली. "गाडी वाजली की दारात यायचे. दिवाळीला रिकामी केली."

मी म्हटलं, फोनवर का नाही सांगितलंस?

"फोन कशाला करत व्हते मग मी?"

मी विचारलं, आता येतेस का?

"न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही, रडून नाही. गॅस संपला का म्हणून विचारायची, त्याच आवाजात. मग घड्याळ बघून म्हणाली, उशीर झालाय, जाता जाता रिसॉर्टपर्यंत सोडता का?

ती मागं बसली. पूर्वी खांद्यावर हात ठेवायची, आता मागच्या दांडीला धरून बसली. उतार होता, मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चाललो होतो आणि तरी दहा मिनिटांत गेट आलं. ती उतरली, शर्ट सारखा केला. "सावकाश जावा," म्हणाली आणि आत गेली. वॉचमननं गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मी घेतली. तिला न्यायला म्हणून आलो होतो आणि कामावर सोडून चाललो होतो. तिथंच, त्याच्यासमोर, मला रडू फुटलं. वॉचमन जवळ आला आणि काय झालं, पडलात का, म्हणून विचारू लागला.