गफूरचाचांनी मला विचारलं होतं

गफूरचाचांवर मी लिहावं, एवढा मी मोठा नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पेपरात कधी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर माफ करावं. चाचीच म्हणाली, “तूच लिही बाबा. तुला येते.”

आमच्या नरसी गावात चाचा गाद्या भरायचे. आमच्या घराला लागूनच त्यांचं कापूस पिंजायचं मशीन. सकाळी दार उघडलं की पापण्यांवर कापूस बसलेले चाचा दिसायचे. मी हिंगोलीला वसतिगृहात निघालो तेव्हा त्यांनीच माझी गादी भरली. दाभणाने टाके घालता घालता आईला म्हणाले, “भाभी, टाके दाट घालून राहिलो. पोरगं बसून बसून वाचणार, कापूस एका जागी गोळा व्हईल.” आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. तेव्हापासून गल्लीत कुणाचीही गोळ्यांची पट्टी माझ्याकडे वाचायला यायची. चाचा तर मला डॉक्टरच म्हणायचे. “चाचा, मी इतिहास शिकून राहिलो.” “मंग? ते बी पुस्तकच हाय ना!”

या थंडीत गल्लीत घरोघर ताप येऊन गेला. चाचांनाही आला... घसा, अंगदुखी. पाचव्या दिवशी उतरला आणि ते लगेच कामाला लागले, गाद्यांचे दिवस होते. रविवारी मी गावी आलो तर हाक मारली. “डॉक्टर, ताप तर गेला. पण कापसाचा बोजा उचलला की इथं दाबल्यावानी व्हते. काहून रे?” छातीवर तळहात ठेवून ते वाट पाहत राहिले. मला काय माहीत होतं... पण ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली. “व्हायरल हाय चाचा. कमजोरी राहते आठ दिवस.” “मंग बराबर,” म्हणाले आणि मशीन चालू केलं.

गुरुवारी आईचा फोन आला. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंतच...

नंतर मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फ्लूसारख्या तापानंतर काही दिवस हृदयाला धोका वाढतो, रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर जास्तच. छातीत दाबल्यासारखं झालं तर लगेच दाखवायचं असतं. “पण तुमच्या चाचांना अटॅक तापामुळेच आला का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.” त्या ‘कोणीच’ला धरून मी कसेबसे दिवस काढले. गादीवर पडलो की दाट टाके पाठीला लागतात. कापूस अजून कुठेच सरकलेला नाही.

चाचांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला गेलो. चाचीने ताट वाढलं, समोर बसली आणि बोलता बोलता, कौतुकानेच, सांगितलं, “बुधवारी मी म्हणले, चला हिंगोलीला, दाखवून येऊ. आयकलंच न्हाई. म्हणले, काहून जायचं? आपल्या पोरानं सांगितलं हाय, आठ दिवस ऱ्हाते. शिकलेलं पोरगं हाय ते, उगं सांगत न्हाई.”