शून्य बाकीचं पाणी

परवा मोगऱ्याचा वास आला आणि मी आगाशीच्या आमच्या वाडीत जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी विरारच्या क्लासात कोबॉल ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होतो. वाडीतल्या सामाईक विहिरीचं पाणी पाच घरांना पाळीनं मिळायचं, पाडव्यापासून रोज एक घर. वाडीतल्या एका लग्नाच्या गडबडीत मोजणी चुकली आणि वैशाखाच्या उन्हात माझे वडील अण्णा नि शेजारचे दामूकाका पाळीवरून भांडायला लागले. दोघांचाही मोगरा माना टाकत होता. नुकतंच शिकलेलं ‘फंक्शन मॉड’ भागाकाराची बाकी देतं. मी क्लासात पाडव्यापासूनच्या दिवसांना पाचानं भागून उत्तर घेऊन विहिरीवर आलो.

“किती आली बाकी?” अण्णा म्हणाले.

“शून्य.”

“म्हणजे कुणाचीच नाही! वळव पाणी आपल्याकडे.”

“नाही अण्णा. शून्य म्हणजे पाचवं घर. काकांचं.”

“घाल अजून पोराला क्लासात!” दामूकाका हसले.

 अण्णांनी वाकून स्वतःच्या हातांनी पाटातली माती ओढली आणि पाणी काकांकडे वळवलं. म्हणाले, “माझ्या पोरानं काढलंय. चुकायचं नाही.”

चार दिवसांनी आमची पाळी येईपर्यंत मोगऱ्याची नवी रोपं करपली. ती करपल्याचा दोष मी वर्षानुवर्षं मुकाट वाहिला. अण्णा गेले तरी बोललो नाही. आज सांगतो, पुढे नोकरीत ढीगभर प्रोग्राम लिहिले, पण अभिमान ‘मॉड’च्या त्या एका ओळीचाच आहे. तिच्यावर विश्वास ठेवून अण्णांनी स्वतःचा मोगरा तहानलेला ठेवला होता.