आउट म्हण की, पूर्णे!

हंबीरराव सर बोलू लागले की राजारामपुरीतली अर्धी गल्ली ऐकते, असं त्यांची बायको सांगते, आणि ती काही वाढवून सांगणाऱ्यांतली नव्हे. तरुणपणी ते तालमीत होते. गुडघा गेला, डॉक्टरांनी कुस्ती बंद केली, त्याच सुमारास शाळेला टेनिसचा कोच हवा होता. कोर्टावर तांबडी माती पाहून सरांना परकं वाटलं नाही. खेळ बदलला, शिकवण्याची पट्टी तीच राहिली.

अशा माणसाच्या वाट्याला पूर्णिमा कांबळे आली. वडील शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाला, आई शिवणकाम करणारी. मुलगी इतकी अबोल की हजेरीला ती 'हजर' म्हणायची आणि वर्गशिक्षक गैरहजेरी लावून मोकळे व्हायचे.

शालेय टेनिसमध्ये एक भाबडा नियम असतो. चेंडू आपल्या बाजूला पडला, की तो आत होता (रेषेला टेकला तरी आत) की बाहेर हे आपणच सांगायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं. पूर्णिमा सांगायची. ऐकू कुणालाच जायचं नाही. समोरची मुलगी गुण आपला समजून पुढची सर्व्हिस करायला उभी.

"आउट म्हण की, पूर्णे!" सर कुंपणापलीकडून ओरडायचे.

"म्हटलं की, सर."

"कुणाला? चेंडूला?"

एकदा सरांनी तिला पहाटे रंकाळ्यावर नेलं आणि पाण्याकडं तोंड करून 'आउट' ओरडायला लावलं. तिनं ओठ हलवले. मग सरांनी करून दाखवलं. बाकावर बसलेले दोन म्हातारे घाईनं उठून चालू लागले.

पूर्णिमानं आपल्यापुरता तोडगा काढला. बाहेरचा चेंडूसुद्धा ती परत मारू लागली. बोलण्यापेक्षा पळणं तिला सोपं वाटे. त्या सवयीनं असं झालं की तिच्याकडे गेलेला कुठलाच चेंडू परत आल्याशिवाय राहीना, आणि चांगल्या चांगल्या अकॅडमीच्या मुली दमून, वैतागून चुका करू लागल्या. सर तिच्या तोंडावर तिला 'गुळणी धरलेली' म्हणत. चहाच्या गाड्यावर मात्र मित्रांना सांगत, "घोरपड हाय पोरगी. धरलं की सोडत न्हाय."

अकरावीत ती विभागीय स्पर्धेच्या फायनलला पोचली. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार, हरेल ती घरी. सरांच्या हातचं एकही पोर आजवर राज्याला गेलं नव्हतं, आणि त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. तालमीच्या मित्रांनी अभिनंदनाच्या फलकासाठी पूर्णिमाचा फोटो आधीच मागून घेतला होता. त्यात सरांचाही फोटो असणार होता, जरा मोठा.

सामना अडीच तास चालला. शेवटी पूर्णिमाला एकच गुण हवा होता. समोरच्या मुलीनं जीव खाऊन मारलेला चेंडू मागच्या रेषेपाशी पडला. पूर्णिमा नेहमीसारखी बॅकहँडला वाकली. तेवढ्यात कुंपणाकडून आरोळी आली.

"आउट!"

इतक्या वर्षांत सरांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. रॅकेट जागच्या जागी थांबली. चेंडू मागच्या जाळीला लागला. समोरची मुलगी डोळे पुसत हात मिळवायला नेटकडे निघाली.

फायनलपुरते खुर्चीवर पंच होते, तरी रेषेचा निर्णय खेळाडूनंच द्यायचा होता. आवाज कुणाचा हे पंचांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी पूर्णिमाला विचारलं, "तू सांग. चेंडू कुठं होता?"

ती मागं गेली, मातीवरच्या ठशाशी वाकली, पुटपुटली.

"काय?" पंच म्हणाले.

"बाई, बोल की मोठ्यानं!" तिची आई कळवळून म्हणाली. सर कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभे होते. 'बाहेर' अशी नुसती मान हलवली असती तरी राज्याचं तिकीट पक्कं होतं.

"इन होता!" पूर्णिमा ओरडली. "सर चुकले!"

पार्किंगमधला रखवालदार बाहेर येऊन बघू लागला.

तो गुण गेला. मागोमाग गेम गेला, सेट गेला, सामनाही गेला. पोरगी मात्र शेवटच्या चेंडूपर्यंत पळत होती.

परत जायला तिघं रस्त्याच्या कडेला रिक्षासाठी उभी राहिली. शेवटी सरांनाच राहवेना.

"ठसा रेषेवर व्हता?"

"अर्धा व्हता, सर."

"म्हंजे अर्धा भायेर व्हता की."

"अर्धा आत व्हता."

सरांनी तिच्या आईकडं आशेनं पाहिलं. आई पदर सारखा करत रिक्षा येते का बघत होती.

"फुडच्या वर्षी तुमी कुंपणाशी उभं ऱ्हायचं न्हाय, सर," पूर्णिमा म्हणाली. "रस्त्यापल्याड ऱ्हायचं. तिथनं रेष दिसत न्हाय."

"आणि तिथनंबी माझा आवाज आला तर?"

"येणारच की," ती म्हणाली. "मी थांबणार न्हाय."