सेव्ह झालं ५४३१, परत आला २१२

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राम चुकला की चूक माझी, एवढं साधं माझं अध्यात्म. म्हणून तर या प्रकरणाची जास्तच चीड येते...

गेल्या मार्चमधली गोष्ट. वसमतला बसस्टँडमागे रक्त तपासणीची एक लहान लॅब आहे, तिथला प्रोग्राम माझा. काउंटरवरच्या रेखाताई पेशंटचं नाव टाकून सेव्ह करतात, डेटाबेस आपोआप पुढचा नंबर देतो, माझा प्रोग्राम तो विचारून घेतो आणि नळीच्या स्टिकरवर छापतो. पाच हजारांवर नोंदी झाल्या, कधी कुरकुर नाही.

त्या दुपारी रेखाताईंचा फोन. "सर, तुमचं मशीन येडं झालंय! पाच हजार चारशे एकतीस पायजे, दोनशे बारा छापलंय. रिपोर्ट टाकायला गेले तर तिथं आधीच कुणाचा तरी रिपोर्ट हाय. काहून असं?"

तिडीकच गेली डोक्यात. अर्धं जेवण टाकून गेलो. नवी नोंद ५४३१ वर बरोबर बसलेली — कविता राठोड, शिरड शहापूरजवळचा तांडा, सातवा महिना, रक्तगट तपासणे. परत आलेला नंबर तेवढा २१२. नोंदींतला सगळ्यात मोठा नंबर तोच नवा समजून उचलायचा अडाणीपणा मी करत नाही. आणि केला असता तरी नंबर चुकून पुढचा येईल, पाच हजार मागचा कसा येईल?

२१२ उघडला. कविता चव्हाण, बी निगेटिव्ह. आजचा निकाल बी पॉझिटिव्ह.

बाकावर कविताची सासू कटकट करत होती. "बस निघून राहिली, द्या की कागद!"

"मावशी, सुनेचं माहेरचं आडनाव काय?" मीही वैतागूनच विचारलं.

"चव्हाण. लगनाआधी इथंच रगत तपासलं व्हतं तिचं. काहून?"

रक्तगट काही लग्नानं बदलत नाही. पुन्हा रक्त घेतलं — बी निगेटिव्ह. तपासताना दोन बायकांच्या रक्ताची अदलाबदल झाली होती. लॅबच्या डॉक्टरांनी मला समजावलं. निगेटिव्ह आईला याच महिन्यात एक इंजेक्शन लागतं, नाहीतर पुढच्या लेकराच्या जिवावर बेततं. पॉझिटिव्हच्या कागदावर ते तिला कुणी दिलं नसतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण मला सांगा, माझा प्रोग्राम जुनी नावं शोधतच नाही! तिचं माहेर त्याला कुठून कळणार? दुसरा कॉम्प्युटर तिथं नाही, की त्याचा नंबर मध्ये घुसावा. नंतर घरी हजार खोट्या नोंदी टाकून पाहिल्या. हजारही नंबर बरोबर. शप्पथ सांगतो, एखादा तरी चुकला असता तर बरं वाटलं असतं.

"आता नीट करू नका सर," रेखाताई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तसंच."

नीट काय करू, डोंबल? बिघाडच सापडत नाही. दिवाळीत सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. नंबर विचारणारी ती एक ओळ मात्र जुनीच ठेवलीय. कुणी विचारलंच तर सांगतो, वेळ मिळाला नाही.