बापलेकांचं केंदांग

तार्पिनला पहिला मार बसला तो ताल चुकल्याबद्दल. तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मारणारा त्याचा बाप होता. हे मला तार्पिननेच सांगितलं, तेही हसत हसत. आम्ही अठरा वर्षं एका मांडवात वाजवतो आहोत, तो केंदांग आणि मी बासरी.

त्याचा बाप सार्विता मुखवट्याच्या नाचाच्या ताफ्यात केंदांग वाजवायचा. तो लांबोडा ढोल मांडीवर आडवा घेऊन दोन्ही हातांनी बोलता केला, की मागे बसलेल्या वादकांच्या सगळ्या काशाच्या घंटा त्याच्या इशाऱ्यावर चालायच्या. पोराला शिकवायचं म्हणजे समोर बसवायचं आणि चुकला की बांबूची छडी नडगीवर, पाठीवर, डोक्यात. हातांना मात्र तो कधी लावत नसे. "हात कामाचे आहेत," म्हणायचा.

अशी चौदा वर्षं गेली. तार्पिन एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा आमच्या इंद्रमायू जिल्ह्यात लग्न म्हटलं की तार्लिंग-दांगदुतचं नाचगाणं हवंच असं झालं होतं. पूर्वी तार्लिंगला एक गिटार आणि एक बासरी पुरायची. आता इलेक्ट्रिक गिटार आली, ऑर्गन आला, माणसाएवढे कर्णे आले आणि चकाकत्या कपड्यातली गाणारीण आली. केंदांग तेवढं राहिलं, पण त्याची चाल अशी धावती झाली की ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहीनात. तार्पिन एका दुपारी घरी न सांगता अशा एका लग्नात वाजवून आला. बाप अंगणात उभा होता.

"कुठे गेला होतास?"

"वाजवायला."

"त्याला वाजवणं म्हणतात? बायकांच्या कंबरा हलवायला तुला शिकवलं मी?"

"लोक नाचले, बापा. तुमच्या नाचाला झोपतात."

सार्विता आत गेला, कुऱ्हाड घेऊन आला आणि पोराच्या केंदांगाचे दोन तुकडे केले. तार्पिनने बापाच्या तोंडावर ठोसा मारला. बापाचे पुढचे दोन दात पडले. आईने रक्त पुसलं, दातही तिनेच उचलले. त्या दिवसापासून चौदा वर्षं बापलेक दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या भागात कापणी झाली की लग्नं, आणि लग्नं आली की हाणामारी. कालव्याच्या अलीकडचे आम्ही आणि पलीकडचे ते. मंचासमोर दोन्हीकडचे नाचायला उतरतात. कुणाचं कोपर कुणाला लागतं, मग बाटल्या, मग दगड, मग मांडवाचे बांबू. मी स्वतः एकदा कपाळाला चार टाके घालून घेतले आहेत. आमची गाणारीण वार्तिनी मंचावर चढताना उंच टाचांची चप्पल आधी काढून ठेवायची. "पळताना पडायला नको, कांग," मला म्हणायची; आमच्याकडे दादाला कांग म्हणतात.

तार्पिनला एक गोष्ट साधली होती. भांडण पेटतंय असं दिसलं की तो धावती चाल मोडायचा आणि जुन्या तार्लिंगचा संथ ताल धरायचा, आमच्या आयांनी भात कांडताना गुणगुणलेला. मी लगेच बासरी त्याच्यात मिसळायचो. पोरांचे खांदे खाली यायचे. शिव्या चालू राहायच्या, पण हात थांबायचे. दोनदा असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसऱ्यांदा झालं नाही. आंब्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. भर दुपार. चौथ्या गाण्याला कुणीतरी ओरडलं, "आमच्या गावाचं नाव घे गं!" वार्तिनीने दोन्ही गावांची नावं घेतली, पण पलीकडच्यांचं आधी. पहिली बाटली ऑर्गनवाल्याच्या कानाजवळून गेली. तार्पिनने चाल बदलली. तेवढ्यात कुणाच्या तरी पायात वायर अडकली आणि वीज गेली. ऑर्गन मेला, गिटार मेली, माईक मेला. माझी बासरी आणि त्याचं केंदांग तेवढं उरलं, आणि त्या आरडाओरड्यात ते ऐकणार कोण?

पलीकडचा कास्मुदी नावाचा पोरगा लपायला मंचाखाली घुसला. त्याच्या मागे आमच्याच गावचे सहा जण. सगळ्यात पुढे वीटभट्टीवरचा दुराकमान, हातात भात कापायचा विळा. आमच्या पायाखालच्या फळ्यांमधून त्या पोराची किंकाळी वर येत होती. तार्पिन केंदांग उचलून उडी मारून खाली गेला. मी फळीच्या फटीतून पाहिलं. त्याने ढोल पुढे धरला. पहिल्या वाराने कातडं फाटलं. दुसरा वार हातावर आला. डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, मातीत पडली. तिसरा खांद्यावर. कास्मुदी पलीकडून बाहेर निसटला आणि शेतातून पळाला.

"अरे, तार्पिन आहे हा! सार्विताचा तार्पिन!" मी ओरडलो. दुराकमानने विळा टाकला नाही, पण थांबला.

तासाभराने पोलीस आले. मांडवात तीनशे माणसं होती. कुणीच काही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि मीही नाही म्हणालो. मला त्याच गावात राहायचं होतं. तार्पिनने हॉस्पिटलमध्ये हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

सार्विता हॉस्पिटलमध्ये आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरातलं मुसळ घेतलं आणि कॉफीच्या टपरीवर गेला. तिथे दुराकमान तळलेला तेंपे, म्हणजे सोयाबीनची वडी, खात बसला होता. म्हातारा सत्तरीचा. कुणाला तरी वाटलं, मुसळ तासून घ्यायला सुताराकडे निघाला असेल.

"हात टेबलावर ठेव," तो म्हणाला.

"काय?"

"हात."

दुराकमान हसला, आणि सार्विताने पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. तो खाली पडल्यावर दोन्ही मनगटांवर. एक, दोन, तीन, अगदी मोजून. लोक धावले तेव्हा त्याने मुसळ बाजूला ठेवलं आणि बाकावर बसून राहिला. पोलीस आले तसा म्हणाला, "मीच मारलं. लिहा."

त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पाच महिन्यांनी तार्पिन तुरुंगात भेटायला गेला. दार उघडलं, दोघं समोरासमोर बसले. मी बरोबर होतो.

"कशाला आलास?"

"तुमच्या ताफ्यातले आले होते. कापणीच्या नाचाला केंदांगवाला नाही म्हणतात. मी येतो म्हणालो."

"आठ बोटांनी?"

"डावीकडचं काम तळव्याने करतो."

"दाखव."

तार्पिनने बाकावर वाजवायला सुरुवात केली. लाल मुखवट्याचा राजा चिडून पुढे येतो तो भाग. बाप डोळे मिटून बसला होता.

"गाढवा, तिसरा ठोका उशिरा पडतोय."

"बोटं नाहीत, बापा."

"बोटांचं मला सांगू नकोस. उशिरा पडतोय."

"तुम्हीच वाजवा मग! चार वर्षांनी!"

शिपाई दरवाजावर काठी आपटून ओरडला, "ए, हा काय मांडव आहे?" दोघंही त्याच्याकडे एकाच रागाने बघायला लागले. परत येताना बसमध्ये तार्पिन पुढच्या सीटच्या पाठीवर तळवा आपटत राहिला. कापणीच्या नाचाला त्याने वाजवलं, आणि तिसरा ठोका वेळेवर पडला. तळव्याच्या टाचेने मारायला शिकला होता. त्यासाठी त्याने हात सुजेपर्यंत रियाज केला, महिनाभर.

शिक्षेत सूट मिळून सार्विता अडीच वर्षांनीच सुटला. आई तोपर्यंत वारली होती, म्हणून तार्पिनने त्याला आपल्या घरी नेलं. अकरा महिने रोज भांडण. "तुझा दांगदुत बंद कर," "तुमचा रेडिओ बंद करा." एकदा म्हाताऱ्याने ताट फेकलं, एकदा तार्पिनने दार मोडलं. मग फुप्फुसात पाणी होऊन म्हातारा गेला.

दफनाला दुराकमान आला. त्याची मनगटं वाकडी जुळली आहेत, विटा उचलता येत नाहीत, भट्टीवरचं काम सुटलं. तो कुंपणाशी उभा होता, खांदा द्यायला पुढे आला नाही. तार्पिन तसाच त्याच्या अंगावर गेला.

"नीघ इथून."

"मी माती टाकायला आलोय."

"नीघ म्हणतो ना!"

मी मध्ये पडलो. "कांग, आजचा दिवस तरी..." पुढचं बोलायच्या आत त्याने माझ्या कानाखाली ठेवून दिली. त्या पोलिसांसमोर मी नाही म्हणालो होतो, ते त्याच्या मनात किती दिवस होतं ते मला तेव्हा कळलं. मी बाजूला झालो. दुराकमानने लांबूनच मूठभर माती टाकली आणि गेला.

कास्मुदी कधी भेटायलाही आला नाही. तैवानला कामाला गेला म्हणतात.

बुधवारी आम्हाला एका लग्नात वाजवायचं होतं, कालव्यापलीकडे. माझा गाल अजून दुखत होता. तार्पिन आला, केंदांग मांडलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर लाव जरा, तुझी बासरी खाली लागतेय." मी वर लावली. वार्तिनीने चप्पल काढून ठेवली आणि माईक हातात घेतला.