नारळाचं दही

ऑफिसात मॉर्निंग टीला कुणीतरी नारळाच्या दह्याचा डबा उघडला आणि त्या गोडसर वासाने मी चहा तसाच टाकून उठले. परदेशात नवीन होतो, पेंडल हिल या उपनगरात भाड्याच्या युनिटमध्ये, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. मुलाला ऑटिझम असल्याचं नुकतंच कळलं होतं. दूध आणि गहू बंद केले की मुलं बोलायला लागतात, असं कुणीतरी सांगितलं आणि नवऱ्याने घरातलं सगळं दही विरजणासकट सिंकमध्ये ओतलं. आमचा चार वर्षांचा मुलगा तर दहीभाताशिवाय काही खायचाच नाही. नारळाचं दही कालवलेला भात त्याने नुसता हुंगला, वाटी भिरकावली आणि तोंड मिटलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलंच नाही. "भूक लागली की खाईल गं," नवरा म्हणाला. "आणि नाही खाल्लं तर?" मी ओरडले. तेवढ्यात मुलगा आला, माझा हात ओढत नेऊन त्याने फ्रिजच्या हँडलवर ठेवला. मी दार उघडलं. रिकाम्या कप्प्याकडे बघून त्याने ते लावलं आणि मग बापाचा हात तिथे नेऊन ठेवला. नवरा वाटी घेऊन खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दही मागायला गेला. आता मुलगा माझ्याहून उंच झालाय. बोलत अजूनही नाही. पण घरात विरजण तोच लावतो, आणि बापाला पातेल्याच्या जवळपासही फिरकू देत नाही.