विकत घेण्याआधी एक हिवाळा

नीलम सकपाळ बहरीनला, माहूजमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मनामातल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये ती रिसेप्शनला होती. मूळची खेडकडची. बोलायला मोकळी, पण कुठलीही वस्तू घेताना तिचा जीव खालीवर व्हायचा. सुरमई घेतानाही आधी कल्ला उचलून बघायची, वास घ्यायची, मग मासळीवाल्याच्या तोंडाकडे बघायची. "शमाभाभी, माणूस घाई करायला लागला की समजायचं काहीतरी आहे," असं ती मला सांगायची.

तिचा नवरा प्रज्योत हिद्दला एका डच कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होता. समुद्रातला गाळ उपसून भराव टाकणारी कंपनी. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात त्याला हॉलंडमध्ये कायमची नोकरी देऊ केली गेली. त्या दिवशी तो जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला आणि आधी आमच्याच दारावर थाप मारून त्यानं बातमी सांगितली. त्याच्या आनंदाचं मला नवल वाटलं नाही. बहरीनमध्ये कितीही वर्षं काढली तरी आमच्यासारख्याला घर घेता येत नव्हतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की भाड्याचा फ्लॅटही गेला. प्रज्योतला स्वतःच्या नावाची पाटी हवी होती, दारावर ठोकलेली.

घरही आयतं चालून आलं. त्याचा साहेब डर्क म्हणून होता, उंच, हसरा, दर सणाला सकपाळांकडे जेवायला येणारा. मास नदीच्या काठी एका छोट्या गावात त्याच्या आईचं घर होतं. आई वारली होती, घर रिकामं पडलं होतं. "परक्याला विकण्यापेक्षा तुला देतो," तो प्रज्योतला म्हणाला. त्यानं फोटोही दाखवले. लाल विटांचं दुमजली घर, पुढं गुलाब, मागं गवत, गवतापलीकडे पाण्याची चकाकती रेघ.

त्या वेळी प्रज्योतची आई, इंदुबाई, व्हिजिट व्हिसावर इथं आल्या होत्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ही वस्ती गावाच्या कंच्या अंगाला हाय रे? वरच्या का खालच्या?"

प्रज्योत हसला. "आई, तिकडं तसलं वरचं-खालचं काही नसतं."

"आपली वाडी नदीच्या अंगाला का होती, ठावं हाय ना तुला? चांगली जागा आपल्याला कोन देतो?"

प्रज्योतचा चेहरा उतरला. त्याला तो विषय नको असायचा. नातीनं, संघमित्रानं, मध्येच तोंड घातलं, "आजी, इट्स युरोप!" आणि ती बोलणी तिथंच थांबली. नीलमनं मात्र फोटो पुन्हा हातात घेतला, हे मी पाहिलं.

ऑक्टोबरअखेर दोघं आठवडाभरासाठी घर बघायला गेली. संघमित्रा आजीपाशी राहिली. परत आल्यावर नीलम माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, पण पुढ्यातला चहा तिनं घेतला नाही.

"वाईट आहे का गाव?" मी विचारलं.

"नाही ना, भाभी. फार चांगलं आहे. तेच तर."

मग तिनं एकेक सांगायला सुरुवात केली. रस्ते स्वच्छ. शाळा चालत जाण्यासारखी. बेकरीवाली बाई ओळख नसताना हसली. तिथले लोक खिडक्यांचे पडदे उघडेच ठेवतात, त्यामुळे संध्याकाळी फिरताना सगळ्यांची घरं आतून दिसत. पहिल्या संध्याकाळी तिला ते आवडलं. दुसऱ्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की खालच्या मजल्यावर कुणाकडेच गालिचा नाही. सगळीकडे उघडी फरशी. कपाटं विटांवर चढवलेली. टीव्ही भिंतीवर उंच. डर्कच्या आईच्या घरात तर विजेचे प्लग तिच्या खांद्याच्या उंचीवर होते.

"ह्यांना म्हटलं, एवढे वर का? तर म्हणाले, वायरिंग नवीन आहे, चांगलंच झालं. खालचा अर्धा वॉलपेपरही नवीन होता. वरचा जुना."

शेवटच्या दिवशी ती एकटीच चर्चपाशी गेली होती. चर्चच्या भिंतीवर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे साल. सगळ्यात ताजी रेघ आदल्या वर्षीची. शेजारच्या घरातली म्हातारी, हेंड्रिक्सबाई, तिथं फुलं ठेवायला आली होती. नीलमनं तिला रेघेकडे बोट करून विचारलं. बाईनं तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग "चांगलं गाव आहे," एवढंच इंग्रजीत म्हणून ती निघून गेली. चालताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

डर्कला विचारलं तेव्हा त्यानं लपवलं नाही. "हो, पाणी आलं होतं. शंभर वर्षांतून एकदा येतं. आलं आणि गेलं. आता तुम्हाला शंभर वर्षं काळजी नको."

प्रज्योतला ते पटलं. नीलमला पटलं नाही, पण नवऱ्याच्या डोळ्यांतली ती दारावरची पाटी तिला पुसवेना. तिनं मधला मार्ग काढला. "आधी भाड्यानं घ्या. एक हिवाळा तुम्ही तिथं राहून बघा. मार्चला मला हो म्हणा, मी नोकरी सोडून मुलीला घेऊन येते. पण त्याआधी सही नाही."

डर्क तयार झाला. जरा जास्तच पटकन, असं ती नंतर म्हणाली. डिसेंबरात प्रज्योत गेला.

तो हिवाळा बहरीनमध्येही विचित्र होता. गावांकडच्या रस्त्यांवर सरकारविरुद्धच्या निदर्शनांत टायर जळायचे, काळा धूर आमच्या गच्चीवरून दिसायचा, संध्याकाळी हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. लोक कामावरून थेट घरी येत. नीलम म्हणायची, "बरं झालं, निदान हे तिकडं शांत जागी आहेत."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रज्योतचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. ती स्पीकरचं बटण दाबून बोलायची, म्हणजे इंदुबाईंनाही ऐकू जाई.

"मागचं गवत दिसत नाही आज," तो म्हणाला. आवाजात गंमत होती. "तळं झालंय. बदकं आलीत."

"लोक काय म्हणतायत?"

"काही नाही. सगळे आपापल्या कामात."

दुसऱ्या दिवशीच्या फोनमध्ये गंमत नव्हती. "नीलम, इथं सगळे सामान वर नेतायत. कुणी बोलत नाही, ओरडत नाही. एकमेकांना न विचारता खुर्च्या, भांडी, सगळं वर चाललंय. प्रत्येकाला माहीत आहे आधी काय उचलायचं. मलाच तेवढं माहीत नाही."

"तुम्ही निघा तिथून. आत्ता निघा."

"रस्ता बंद केलाय. घाबरू नकोस. वरच्या मजल्यावर..."

मागं कुठंतरी घंटा वाजत होत्या, एकसारख्या. फोन खरखरला आणि बंद पडला. नीलमनं पुन्हा लावला. नुसता सपाट, लांबलचक आवाज येत राहिला. इंदुबाई जमिनीवर बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "खालच्या अंगालाच हाय ती वस्ती."

दुसऱ्या दिवशीही फोन लागला नाही. टीव्हीवर बातम्यांत तपकिरी पाणी दिसलं, त्यातून वर आलेली छपरं, होडीतल्या गाई. गावाचं नाव कुणी घेत नव्हतं. रमजान नुकताच लागला होता, माझा रोजा होता. नीलम दारात येऊन उभी राहिली. "भाभी, हिद्दला येता माझ्याबरोबर? डर्क फोन घेत नाहीये."

कंपनीच्या ऑफिसात रमजानची वेळ असल्यामुळे निम्मी टेबलं रिकामी होती. डर्क होता. आम्हाला पाहून उठला, खुर्च्या पुढं केल्या, पण हसला नाही.

"पाणी चौथ्या दिवशी उतरतं," तो म्हणाला. "नेहमी उतरतं. प्रज्योत वर असेल. काळजी करू नका."

"नेहमी?" नीलम म्हणाली. "तुम्ही तर शंभर वर्षं म्हणाला होतात."

डर्क टेबलावरचं पेन सरळ करू लागला.

"तुमची आई कधी वारली?"

"ख्रिसमसच्या आधी."

"कुठल्या ख्रिसमसच्या?"

तो खिडकीकडे वळला. बाहेर धक्क्यावर गाळ उपसणारं जहाज उभं होतं. तो म्हणाला, "त्र्याण्णवच्या. पुरात लोक न्यायला आले होते. ती वरच राहते म्हणाली. हीटर बंद पडला होता. मी इथं होतो. तिसऱ्या दिवशी तिला बघायला गेले..."

आईच्या त्याच वरच्या खोलीत त्यानं प्रज्योतला ठेवलं होतं. नीलम उठली. मला वाटलं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं जेवलात तुम्ही." आणि आम्ही बाहेर पडलो.

टॅक्सीत ती माझा हात घट्ट धरून बसली होती. "एक हिवाळा राहून बघा, हे मीच म्हटलं ना, भाभी? मीच पाठवलं." मी मनात दुआ मागत होते. पुलावरून दिसणारा समुद्रही मला त्या दिवशी बघवला नाही.

इफ्तारच्या थोडं आधी वरून संघमित्राची किंकाळी ऐकू आली. मी तशीच धावले. फोन आला होता. प्रज्योत एका शाळेच्या हॉलमध्ये होता, शेकडो माणसांत, अंगावर कुणाचा तरी कोट. बोलताना खोकत होता.

"हेंड्रिक्सबाई आल्या होत्या," तो सांगत होता. "मी वर जाऊन बसलो होतो. पाणी जिन्यावर चढत होतं. होडी त्यांना न्यायला आली तर त्या निघेनात. शेजारच्याला घेतल्याशिवाय येणार नाही म्हणाल्या. होडीवाल्याला माझ्या खिडकीवर काठी आपटायला लावली त्यांनी. होडीत मी थँक्यू म्हटलं तर रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मागच्या पुरात मी थांबले नव्हते."

इंदुबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली आणि तिथंच डोकं टेकलं. खालून अजान ऐकू आली. मी नीलमच्या घरच्या पाण्यानंच रोजा सोडला.

फेब्रुवारीत प्रज्योत परतला. निमोनियानं निम्मा झाला होता. नीलम एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "मी सांगितलं म्हणून तुम्ही एकटे गेलात." तो म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर आपण चौघं असतो तिथं." त्यानंतर त्यांच्यात तो विषय निघाला नाही. पण प्रज्योत खाली जमिनीवर काही राहू देईना. चपला, दप्तर, तांदळाची गोणी, सगळं उचलून वर ठेवायचा. तिसऱ्या मजल्यावर, जिथं वर्षातून दोनदा पाऊस पडतो तिथं. डर्कची कंपनी सोडून त्यानं दुसरीकडे कमी पगाराची नोकरी धरली.

जूनमध्ये कुणीतरी सांगितलं की डर्कचं घर विकलं गेलं. उन्हाळ्यात, गुलाब फुललेले असताना. दूरच्या शहरातलं एक तरुण जोडपं होतं म्हणे.

तिसऱ्या दिवशी नीलम क्लिनिकमधून आली ती थेट फोनपाशी गेली. तो नंबर तिला पाठ होता. माझ्यासमोरच तिनं लावला. एका मुलीनं उचलला. नीलमनं आपलं नाव सांगितलं, बहरीन सांगितलं, मग सावकाश इंग्रजीत सांगू लागली. जानेवारीत माझा नवरा त्या घरात होता, पाणी जिन्यावर चढलं होतं, तुम्ही चर्चची भिंत बघा, हेंड्रिक्सबाईंना विचारा.

"त्या बाई मुलाकडे राहायला गेल्यात," पलीकडून आवाज आला. मुलगी गोड बोलत होती. मागं हातोडीचे ठोके ऐकू येत होते. "इथं छान आहे हो. डर्कनी सांगितलंय आम्हाला, दोनदा येऊन गेलं, आता येत नाही. खालच्या खोलीत आम्ही लाकडी जमीन घालतोय. बाळाची खोली करतोय तिथं."

"खाली नको," नीलम म्हणाली. "हे बघा, बाळाला खाली नको."

पलीकडे एका पुरुषानं काहीतरी विचारलं. मुलीनं त्याला डचमध्ये उत्तर दिलं आणि हसली. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. नीलमनं लगेच पुन्हा लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही.